निळा ड्रम

आमच्या बैठकीच्या खोलीत आजी-आजोबांचा जोडीनं बसलेला फोटो आहे. तो फोटो कधी काढलाच गेला नव्हता. म्हणजे फोटो आहे, फ्रेम आहे, दर दिवाळीला नवा हार पण येतो, पण ती दोघं एका कॅमेऱ्यासमोर जन्मात कधी बसली नव्हती. आजोबा 1958 ला गेले आणि त्यांचा एकुलता एक फोटो म्हणजे कुणाच्या तरी मुंजीतला ग्रुप, त्यात मागच्या रांगेत तिसरे, एक खांदा पुढच्या माणसाच्या पगडीआड गेलेला. आजीचा फोटो त्यानंतर वीस वर्षांनी अप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, स्वतःच्या स्टुडिओत काढला आणि मग दोन्ही जोडले. आता पंचाईत अशी की आजोबा पस्तिशीतले आणि आजी पंचावन्नची, नवरा मुलासारखा दिसायला लागला, म्हणून अप्पांनी बारीक ब्रशनं आजोबांच्या कानशिलावर थोडे पांढरे केस काढले, खांदा भरून काढायला त्यांना एक कोट घातला जो त्यांनी आयुष्यात घातला नव्हता, आणि आजीच्या कपाळावर कुंकू काढलं. वीस वर्षांनी. आजीनं प्रिंट हातात घेतला, खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघितला आणि विचारलं, "कोट कुणाचा रे?" कुंकवाबद्दल ती काहीच बोलली नाही.

दुपारी तीनच्या सुमारास पश्चिमेचा उजेड काचेवर आला की त्या फोटोत आजीच्या पदराच्या कडेनं एक बारीक रेघ दिसते. तिथे जोड आहे. घरातल्या प्रत्येकाला माहितीय, आम्ही लहानपणी पाहुण्यांना ती रेघ दाखवायचो, जादूगाराचा पोरगा जसा ट्रिक फोडतो तसं.

अप्पांचा स्टुडिओ नाशिकच्या रविवार कारंज्याजवळ एका जिन्याखाली होता, आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. आत एक उतरतं लाकडी डेस्क, मधे दुधी काच, खाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावरून काचेवर यायचा आणि काचेवर निगेटिव्ह ठेवून अप्पा पेन्सिलनं काम करायचे. पेन्सिलीचं टोक पॉलिश पेपरवर घासघासून सुईसारखं केलेलं. आधी निगेटिव्हवर कापसानं एक चिकटसर मीडियम लावायचं, नाहीतर शिसं धरत नाही. निगेटिव्हमध्ये सगळंच उलटं, सुरकुती असते तिथे फिल्म पारदर्शक, तिच्यात शिसं भरलं की छापताना तेवढा उजेड अडतो आणि प्रिंटमध्ये सुरकुती गेली. देवीचे व्रण, डोळ्याखालची वर्तुळं, सगळं असंच. पुढे मी फोटोशॉप शिकलो तेव्हा मला वाटलं होतं मी घरात पहिल्यांदा काहीतरी नवीन शिकतोय, आणि अप्पा मागे उभं राहून म्हणाले, "म्हणजे माझंच, पण मान न मोडता."

त्या डेस्कवर सगळं पुण्यकर्मच झालं असं नाही. लग्नाच्या मुलींचे फोटो यायचे, स्थळाला पाठवायचे. सावळी मुलगी तीन-चार शेड उजळ व्हायची, हनुवटीवरचा तीळ जायचा. मी कॉलेजात असताना अप्पांशी यावरून भांडलो होतो, की ही शुद्ध फसवणूक आहे, उद्या मुलाकडचे घरी आले की काय? अप्पांचं म्हणणं, सगळेच करून घेतात आणि सगळ्यांनाच माहिती असतं, मुलाच्या आईला पण माहिती असतं, तिनेही करून घेतलेलं असतं. मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पूर्ण पटत नाही, कारण "सगळ्यांना माहिती असतं" यात त्या मुलीला कुणी विचारलेलं नसायचं. असो.

पण एक प्रसंग पक्का लक्षात आहे. मी आठवी-नववीत असेन. सिन्नरकडचे एक गृहस्थ आले, धोतर, कोट, हातात पिशवी, पिशवीत शेताचा एक फोटो. बांधालगत विहीर दिसत होती. भाऊबंदकीची केस चालू होती आणि ती विहीर फोटोत नको होती. पैसे बरे देणार होते. अप्पांनी फोटो उजेडात धरला, उलटा करून मागे बघितलं आणि म्हणाले, "प्रिंटवर नाही होत हो काका हे. निगेटिव्ह आणा." निगेटिव्ह अर्थातच त्यांच्याकडे नव्हती, फोटो दुसऱ्याच कुणीतरी काढलेला. ते गेले. मी शहाणपणा केला, "अप्पा, आपण प्रिंटवरून कॉपी निगेटिव्ह काढतोच की रोज." अप्पा पेन्सिल घासत म्हणाले, "तुला विचारलं का कुणी?"

ज्या माणसानं स्वतःच्या बापाला न घातलेला कोट घातला त्यानं एक विहीर बुजवायला नकार दिला, हे मला बरीच वर्षं विसंगत वाटायचं.

आता थोडं मोठ्या लोकांचं. जोडाजोडीला वाईट म्हणायचं तर फोटोग्राफीच्या अर्ध्या कलेला वाईट म्हणावं लागेल. 1856-57 च्या सुमारास फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे नं समुद्राचे जे फोटो केले त्यातल्या कित्येकांत आभाळ एका निगेटिव्हचं आणि समुद्र दुसऱ्या निगेटिव्हचा. तेव्हाच्या काचेच्या प्लेटा निळ्या उजेडाला भलत्याच हळव्या असायच्या, समुद्र नीट यावा इतका वेळ दिला की आभाळ जळून कोरं पांढरं, मग करणार काय, दोन वेगळे काढून क्षितिजाच्या रेषेवर जोडायचे. अमेरिकी फोटोग्राफर अन्सेल अॅडम्सनं कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन गावापाशी हिवाळ्यातली पहाट टिपली, तिथल्या टेकडीवर शाळेतल्या पोरांनी चुन्यानं एल आणि पी अशी दोन मोठी अक्षरं काढून ठेवलेली, ती त्यानं बुजवली. आणि लांब कशाला जायचं, त्र्यंबकेश्वरला 1870 मध्ये जन्मलेले आपले दादासाहेब फाळके, सिनेमाच्या आधी तेही स्टुडिओवालेच, 1917 च्या लंकादहनमध्ये त्यांच्याकडे अण्णा साळुंके राम पण होते आणि सीता पण. लोक तिकीट काढून आले, पडद्यावरच्या रामाला हात जोडले म्हणतात, आणि बाहेर पडून कुणी फसवलं अशी तक्रार केली नाही. तंबूत शिरतानाच ठरलेलं असतं ना, की आता आपल्याला काहीतरी दाखवणार आहेत.

पेपरच्या पहिल्या पानावर मात्र माणूस तंबूत शिरलेला नसतो. तो चहा पीत असतो.

मी अप्पांचा स्टुडिओ न चालवता इथल्या एका पेपरात फोटोग्राफर म्हणून लागलो. कोणता पेपर, कोणतं साल ते मुद्दाम सांगत नाही, कारण आम्ही मोजून तीन जण होतो. नाशिकच्या फोटोग्राफरला पावसाळ्यात एक फोटो चुकत नाही, दुतोंड्या मारुतीचा. बाहेरच्यांसाठी सांगतो, रामकुंडाजवळ पात्रातच ही मोठी मूर्ती आहे, दोन्ही बाजूंना तोंडं, आणि गंगेला (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) पूर आला की नाशिककर क्युसेक वगैरे विचारत नाहीत, "मारुतीला कुठपर्यंत लागलं?" एवढंच विचारतात. गुडघा, कंबर, छाती, गळा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की दोन-अडीच तासांत अख्खं गाव पुलावर.

त्या दिवशी मी सकाळपासून होळकर पुलावर होतो. पाणी मारुतीच्या छातीच्या वर, गढूळ, चहाच्या रंगाचं, मधूनच बांबू नाहीतर एखाद्या टपरीचा पत्रा वाहत यायचा. जवळजवळ दोनशे फ्रेम काढल्या असतील. त्यात एक जबरदस्त आली, लाट मूर्तीवर फुटून पंख्यासारखी उघडलेली, वर काळं आभाळ, कुठून तरी एक तिरीप नेमकी त्या फेसावर. फक्त डाव्या कोपऱ्यात एक प्लास्टिकचा निळा ड्रम. अगदी निळाभोर, नजर आधी तिथेच जायची. ऑफिसात येऊन स्क्रीनवर बघितलं आणि क्लोन टूल घेतला, शेजारचं गढूळ पाणी उचललं आणि ड्रमवर फिरवलं. चाळीस सेकंद लागले असतील. पाण्यावर क्लोन करणं सगळ्यात सोपं, प्रत्येक लाट वेगळी म्हणून कुठलीच खोटी दिसत नाही. कुणी सांगितलं नव्हतं, डेस्कवर कुणाला कळलंही नाही. त्याच फाइलवर सेव्ह मारला, कार्ड दुसऱ्या दिवशीच्या कामासाठी फॉरमॅट केलं. पहिल्या पानावर पाच कॉलम छापून आला. लोकांचे फोन आले. अप्पांनी पेपर घडी घालून ठेवून दिला.

पाच-सहा दिवसांनी पुराचा गाळ काढायचं काम चालू होतं, मी पंचनाम्यांचे फोटो काढत घाटावर फिरत होतो तर एका मावशीनं हाक मारली. रामकुंडावर वाती, द्रोणातले दिवे, गंगा भरून न्यायला छोटे कॅन असलं विकणारी. म्हणाली, "दादा, त्या दिशी पुलावरून तुम्हीच काढत होते ना फोटू?" मी हो म्हटलं, जरा खूशच झालो. ती म्हणाली, "मग माझा ड्रम कसा नाही आला त्यात? मी वर हुबी राहून बघत व्हते, मारुतीपाशीच गेला तो. निळा. पोराचं नाव लिवलंय त्याच्यावर पांढऱ्या रंगानं." सगळा माल त्या ड्रममध्ये भरून, झाकण दोरीनं बांधून तिनं वर ठेवलेला आणि पाणी तिथपर्यंत येईल असं वाटलं नव्हतं. पंचनाम्यात विचारत होते, माल होता कशावरून. शेजारच्या फुलवाल्यानं तिला सांगितलं की पेपरात मारुतीचा फोटो आलाय, त्यात दिसेल तुझा ड्रम, म्हणून तिनं दोन रुपये देऊन पेपर घेतला होता आणि घडी करून ब्लाउजच्या आत ठेवलेला. तो तिनं काढून माझ्यासमोर उलगडला आणि बोट ठेवलं. बरोब्बर त्या जागेवर. "हितं पायजे व्हता."

मी म्हटलं, पाण्यात बुडाला असेल मावशी तेवढ्यात.

हे वाक्य मी पुढे अनेकदा ऐकलंय, माझ्याच आवाजात.

त्या फोटोनं तिला पैसे मिळाले असते का? बहुतेक नाही. लांबून काढलेल्या फोटोत एका ड्रमवरून काय सिद्ध होतं, आत माल होता का हवा हे कोण सांगणार. हे सगळं मी स्वतःला सांगून झालंय. पण ती पावती होती, आणि मी ती चाळीस सेकंदांत पुसली, ती पण निळा रंग डोळ्याला टोचतो म्हणून. ओरिजिनल फाइल तेव्हाही नव्हती, आजही नाही. निगेटिव्ह आणा म्हणायला मीच जागा ठेवली नव्हती.

यानंतर मी या विषयातलं जे मिळेल ते वाचायला लागलो, आणि एक गोष्ट दिसत गेली की भर घालणारे पकडले जातात, काढणारे फारसे नाही. 2006 च्या ऑगस्टमध्ये बैरूतवर बॉम्बहल्ले चालू असताना रॉयटर्स वृत्तसंस्थेच्या अदनान हज्ज या फोटोग्राफरनं धूर दाट केला, पण क्लोन केलेल्या धुराचे गोळे तसेच्या तसे एकाखाली एक दिसले आणि घरबसल्या लोकांनी ओळखलं, रॉयटर्सनं त्याचे सगळे 920 फोटो मागे घेतले. 2015 च्या डिसेंबरात चेन्नईला पूर आला तेव्हा पंतप्रधानांच्या हवाई पाहणीचा एक फोटो पत्र सूचना कार्यालयानं टाकला, त्यात खिडकीत वेगळाच स्वच्छ फोटो डकवलेला, तो काही तासांत हास्यास्पद ठरला आणि काढावा लागला. भर घातलेली वस्तू तिथेच उभी असते ना, तुमच्याकडे बघत. काढलेली वस्तू कुठे दिसणार?

आणि म्हणूनच मला नार्सिसो कॉन्त्रेरास या फोटोग्राफरबद्दल काहीतरी वेगळं वाटतं. सीरियाच्या युद्धातला त्याचा फोटो, 2013 चा, एक बंडखोर सैनिक वाकून पळतोय आणि खाली डाव्या कोपऱ्यात (परत डावाच कोपरा) सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा जमिनीवर पडलेला. त्यानं तो कॅमेरा काढला, माती भरली. कुणी पकडलं नव्हतं. 2014 मध्ये त्यानं स्वतःच असोसिएटेड प्रेस (एपी) या आपल्या वृत्तसंस्थेला सांगितलं. त्यांनी त्याचे जवळपास 500 फोटो तपासले, दुसरी एकही खोट सापडली नाही, तरीही त्याच्याशी संबंध तोडले. आदल्याच वर्षी एपीच्या ज्या टीमला पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं होतं त्यात हा होता. आमच्या ग्रुपवर यावरून वाद झाला होता, एका कॅमेऱ्यासाठी इतकी शिक्षा? बातमी तर बदलली नाही ना, सैनिक तिथे होता, गोळ्या खऱ्या होत्या. मी त्या वादात काहीच लिहिलं नाही. मला तो कॅमेरा सारखा निळाच दिसत होता.

"बातमी बदलली नाही" हे कोण ठरवतं हा खरा झोल आहे. ठरवतो ज्याच्या हातात माऊस आहे तो, आणि त्याला फ्रेममधलं काय कुणाला लागणार आहे हे माहीत नसतं, असूच शकत नाही. म्हणून एजन्सीवाल्यांचे नियम बाहेरून बघताना हास्यास्पद कडक वाटतात, क्रॉप करा, उजेड थोडा वर-खाली करा, पण काही घालू नका आणि काही काढू नका, कागदाचा कपटासुद्धा. वर्ल्ड प्रेस फोटो या बातमीच्या फोटोंच्या स्पर्धेत 2010 ला स्तेपान रुदिकचं बक्षीस मागे कुणाच्या तरी पायाचा तुकडा दिसत होता तो काढला म्हणून गेलं. पायाचा तुकडा! 2015 ला तर शेवटून दुसऱ्या फेरीत आलेल्या फोटोंपैकी साधारण 20 टक्के बाद झाले, कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागवून ताडून बघितल्यावर. म्हणजे निगेटिव्ह आणा.

अमेरिकी फोटोग्राफर स्टीव्ह मॅकरीचं प्रकरण त्यामुळेच जास्त खटकलं. आपल्याकडचे पावसातले, रिक्षातले त्याचे फोटो बघत आमची पिढी कॅमेरा धरायला शिकली. 2016 मध्ये इटलीतल्या एका प्रदर्शनात त्याच्या क्युबाच्या फोटोतला रस्त्याच्या पाटीचा खांब अर्धवट उपटलेला कुणाला तरी दिसला, मग लोकांनी जुने फोटो काढून बघितले तर भारतातल्या फोटोंमधून पण माणसंच्या माणसं गायब. त्यावर त्याचं उत्तर असं की मी आता बातमीदार नाही, चित्रांतून गोष्ट सांगणारा आहे. सांगा ना, कुणी अडवलंय? पण पाटी आधी बदलायची असते. भांडी बाजारात पितळेच्या दुकानात जाऊन मुलामा विकत घेतला आणि घरी आल्यावर दुकानदार म्हणाला की मी कधी पितळ म्हटलं होतं, तर गिऱ्हाईक काय करेल.

कलेतही सगळं माफ आहे असं मला वाटायचं, हल्ली तिथेही थोडं अडखळतो. जर्मनीच्या आंद्रेआस गुर्स्कीचा ऱ्हाइन नदीचा एक फोटो आहे, 1999 चा, हिरव्या पट्ट्यांमधून करडी नदी सरळ आडवी वाहतेय, बाकी काहीच नाही. पलीकडच्या काठावरच्या इमारती त्यानं कॉम्प्युटरवर काढून टाकल्या आणि ते तो लपवतही नाही. 2011 मध्ये तो 43 लाख डॉलरच्या वर विकला गेला, तेव्हा जगातला सगळ्यात महाग फोटो. सुंदर आहे, वादच नाही, आणि घेणाऱ्याला माहिती होतं.

आता मी पेपर सोडला, लग्नं करतो आणि वर्षअखेरीला कॅलेंडरं. "नाशिक दर्शन" कॅलेंडरात गोदाघाट लागतोच. गिऱ्हाईकाचं एकच सांगणं, "सर, घाट जरा क्लीन करून द्या." म्हणजे पानवेली काढायच्या, निर्माल्याच्या पिशव्या काढायच्या, वाढदिवसाचे फ्लेक्स काढायचे, पायऱ्यांवर लावलेल्या गाड्या काढायच्या, नारोशंकराच्या देवळासमोरच्या वायरी तर आधी. मी देतो करून, बिल लावतो. फोनमध्ये आता त्यालाही माझी गरज नाही, बोटानं गोल केला की वस्तू जाते. ऱ्हाइनवाला एक फोटो करतो तो भिंतीवर लागतो, आमचा घाट मात्र पंधरा-वीस वर्षं दर जानेवारीला घराघरात स्वच्छ छापून जातोय, आणि पन्नास वर्षांनी कुणी 2020 च्या सुमारास गंगा कशी होती म्हणून शोधेल तेव्हा त्याच्या हाताला माझी कॅलेंडरं लागतील. खाली कुठेही लिहिलेलं नसेल. पुढचा सिंहस्थ 2027 चा, त्याच्या कॅलेंडरची ऑर्डर आत्ताच आलीय. मी म्हटलं एका कोपऱ्यात बारीक अक्षरात "संस्कारित छायाचित्र" टाकू का, तर ते म्हणाले कशाला सर, शंका येईल लोकांना.

गेल्या महिन्यात भाचा आला होता, पुण्याला आयटीत आहे. बैठकीतल्या फोटोचा त्यानं मोबाइलवर फोटो काढला आणि कुठल्याशा एआयच्या अॅपमध्ये टाकला. दोन मिनिटांत आजी-आजोबा रंगीत, खरचटे गेले, डाग गेले, आजोबांचे पांढरे केस एकदम खरेखुरे, कोटाला धाग्यांची वीण पण आली, आणि आजी, जी आयुष्यात कॅमेऱ्यासमोर हसली नाही, ती किंचित हसतेय. ताईला तर रडूच आलं. भाच्यानं फोन अप्पांच्या हातात दिला. अप्पा आता सत्त्याऐंशीचे, एका डोळ्यानं नीट दिसत नाही. त्यांनी फोन नाकाजवळ नेला, मग अंगठ्यानं आजीच्या पदराची कड चाचपत राहिले, म्हणजे काचेवरच.

"जोड कुठंय?"

"तो गेला ना आजोबा, आता कळतच नाही," भाचा म्हणाला.

अप्पांनी फोन परत दिला आणि त्याला विचारलं, तुझ्या अंगातला शर्ट कितीला पडला.